हॉबर्टच्या धक्क्यावरचं खेचर

सिरिल बार्टकोच्या पायाला चाकं आहेत, असं त्याची बायको लॉरेन सगळ्यांना सांगायची. पाणी कंपनीत लोकांच्या तळघरात उतरून मीटर वाचण्यात त्याची उमर गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सकाळी कॉफीचा पहिला घोट खुर्चीत, दुसरा खिडकीशी आणि तिसरा अंगणात, असा त्याचा कार्यक्रम असे. पण त्या आठवड्यात त्याने कहर केला. बुधवारी टपालाने एक जाडजूड पुस्तक आलं आणि तेव्हापासून तो घरभर असा फिरत होता, की कुत्रं बिचारं पलंगाखाली जाऊन बसलं.

पुस्तक ‘हॉबर्टचा धक्का’ या जुन्या चित्रमालिकेचं होतं. सिरिल लहान असताना ती पेपरात रोज यायची, आणि रविवारी रंगीत पुरवणीत अर्धं पान भरून. हॉबर्ट नावाचा एक नावाडी, त्याची दोराने ओढायची नाव, दोर ओढणारं डचेस नावाचं खेचर आणि त्याच्याकडे फुकट राहणारा कर्नल टॉडी नावाचा एक पोटसुट्या म्हातारा, एवढीच मंडळी. मालिका कधीच बंद पडली होती. आता कुठल्याशा प्रकाशकाने सगळे जुने भाग गोळा करून छापायला घेतले होते आणि हा पहिला खंड होता.

सिरिलला या मालिकेचं वेड होतं हे अख्ख्या केलॉक गावाला ठाऊक होतं. त्यातलं डचेस खेचर म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. कुणाची गाडी सुरू होईना, कुणाचं पाइपाचं काम अडलं, की सिरिल हटकून म्हणायचा, “आज नदीचा मूड नाही, मालक. तिला उद्या विचारा.” हे डचेसचं वाक्य. लग्नात पाद्रीबाबा उशिरा आले तेव्हाही तो हेच म्हणाला होता आणि लॉरेनच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं होतं की बस. म्हणून तर ग्रंथालयातल्या डीनाने त्याला गळ घातली होती, की शनिवारी दुपारी आमच्या सभागृहात या आणि तासभर ‘हॉबर्टचा धक्का’वर बोला. पडद्यावर चित्रं मी दाखवते, तुम्ही फक्त आठवणी सांगा. सिरिलने महिनाभर आधी होकार देऊन टाकला होता आणि ज्याला-त्याला आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

आणि पुस्तक उघडलं तर काय? चित्रं तीच. धुकं तेच, हॉबर्टच्या गुडघ्यावरचं ठिगळ तेच, नावेच्या मधोमध फतकल मारून बसलेली डचेस तीच. शब्द मात्र भलतेच.

“लॉरेन, इकडे ये. हे बघ. या चौकटीत काय लिहिलंय?”

लॉरेन हात पुसत आली. तिने चष्मा लावला. “कर्नल म्हणतो, ‘माझ्या भाषणाचा या प्राण्याच्या मनावर परिणाम झालेला दिसतो.’ आणि हॉबर्ट म्हणतो, ‘ते झोपलंय.’” ती हसली. “छान आहे की.”

“छान काय! हे त्यात नव्हतंच. इथे डचेस बोलते. नदीचा मूड नाही, ते इथेच आहे. हाच भाग.”

“पण हा बोलण्याचा फुगा कर्नलचा आहे, सिरिल. फुग्याची शेपटी बघ ना, खेचराच्या मागे उभा आहे तो.”

सिरिलने पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. दोनशे-अडीचशे पानं त्याने उभ्याउभ्या चाळली. डचेस एकदाही बोलत नव्हती. एकाही पानावर नाही. ती नुसतं मुकं जनावर होती, कान हलवणारं. आणि कर्नल टॉडी, ज्याला सिरिल जन्मभर पाण्यात पाहत आला होता, जो वरच्या साहेबांकडे चहाडी करतो आणि गरिबांच्या ताटातलं पळवतो, तो या पुस्तकात एक भोळा, बडबड्या, सोन्यासारख्या मनाचा म्हातारा होता. एका भागात तर तो पोरांना आपलं जेवण देऊन उपाशी झोपला होता.

सिरिलने प्रकाशकाला फोन लावला.

“तुम्ही शब्द बदललेत,” तो म्हणाला.

पलीकडची मुलगी गोंधळली. “नाही सर, आम्ही जुन्या पेपरांवरूनच घेतलंय सगळं. एक अक्षरही बदललेलं नाही.”

“मला सांगू नका. मी मूळ वाचलंय.” मग तो थबकला. “म्हणजे, ऐकलंय. माझे वडील वाचून दाखवायचे.”

“मग कदाचित, सर, खूप वर्षं झाली असतील...”

त्याने फोन ठेवला आणि टोपी घालून तडक ग्रंथालयात गेला. डीनाने त्याला जुन्या अंकांची फिल्म यंत्रात लावून दिली. तो दांडा फिरवत राहिला. पडद्यावरून युद्धाच्या बातम्या सरकल्या, कोटांच्या आणि रेडिओंच्या जाहिराती सरकल्या आणि त्यांच्याच गावात, त्यांच्याच दारात पडलेला तो रविवारचा अंक समोर आला. ‘ते झोपलंय,’ हॉबर्ट म्हणत होता.

“काय झालं?” डीनाने विचारलं. “बरं नाही का वाटत? पाणी देऊ?”

“काही नाही,” सिरिल म्हणाला. “शनिवारचं आपण... बघू.”

घरी जाताना तो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला, आणि त्याने तर तो घाबरलाच. त्याच्या आईची शेवटची वर्षं तो विसरला नव्हता. ती आरशातल्या बाईला कॉफी विचारायची आणि त्याला, पोटच्या पोराला, “तुम्ही मीटर बघायला आलात का?” असं अदबीने विचारायची. तिची सुरुवातही अशीच झाली होती. न घडलेल्या गोष्टी तिला आठवायला लागल्या होत्या. आपणही त्याच वाटेला लागलो का? मग बाकीच्या आठवणींचं काय? स्वयंपाकघरातला तो निळा सोफा होता की नव्हता? रविवारच्या प्रार्थनेनंतर वडील, म्हणजे मुलांचे तातो, कॉलरचं बटण काढून सोफ्यावर बसायचे, त्याला मांडीवर घ्यायचे, पुरवणी उघडायचे आणि पोलादाच्या गिरणीत भाजलेलं ते जाड बोट चौकटीवर ठेवून डचेसचा तो खर्जातला, कंटाळलेला आवाज काढायचे. ते तरी खरं होतं का?

रात्रभर त्याने अंथरुणात कूस बदलली. सकाळी लॉरेनने त्याच्यासमोर अंडी ठेवली. त्याने ती ताटात नुसती इकडून तिकडे ढकलली.

“हे बघ,” ती म्हणाली, “एक तर डॉक्टरकडे जा, नाहीतर अ‍ॅग्नेसकडे जा. पण माझ्या स्वयंपाकघरातून जा. मला गरगरायला लागलंय तुझ्याकडे बघून.”

अ‍ॅग्नेस ही त्याची मोठी बहीण. तो मांडीवर बसायचा तेव्हा ती चांगली जाणती मुलगी होती. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू होते, शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोहींची विक्री असायची, म्हणजे गुरुवारी ती तिथेच सापडणार. सिरिल जिना उतरून गेला तेव्हा लांब टेबलाभोवती दहा-बारा म्हाताऱ्या बसल्या होत्या. कणकेच्या चकत्यांवर बटाट्याचं सारण ठेवून, दुमडून, चिमटीने काठ बंद करत होत्या आणि तोंडाचा पट्टा हाताहून जोरात चालू होता.

“अगं बाई, व्याख्याते आले!” अ‍ॅग्नेस ओरडली. “हात धू आणि बस. नाहीतर शनिवारी टाळ्या वाजवणार नाही मी.”

“तुझ्याशी बोलायचंय. बाहेर चल.”

“बाहेर गारठा आहे. इथे बोल. या सगळ्या बहिऱ्या आहेत.”

“ए, मी नाही हं बहिरी,” कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. पण अ‍ॅग्नेसने एकदा भावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि ती पिठाचे हात अ‍ॅप्रनला पुसत उठली. कोट टांगायच्या खोलीत दोघं गेली. सिरिलने बगलेतलं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं.

“वाच.”

तिने वाचलं. “बरं मग?”

“यात डचेस बोलत नाही.”

“नाही बोलत.”

“अ‍ॅग्नेस, मला आठवतंय ती बोलायची. तातो वाचून दाखवायचे तेव्हा ती बोलायची. मला सगळं पाठ आहे. ती साहेबाला नावं ठेवायची, भट्टीतल्या उकाड्याबद्दल कुरकुर करायची, तिला कोबी आवडायचा. काल मी घरी जाताना रस्ता चुकलो. मला खरं सांग, माझं आईसारखं होतंय का?”

अ‍ॅग्नेसला आधी हसू फुटलं. मग ते ओठांवरच विरलं. ती बाकावर बसली. टांगलेल्या कोटांमध्ये तिचं डोकं अर्धं झाकलं गेलं.

“तुझं डोकं ठीक आहे,” ती म्हणाली. “नावेच्या खेचराला भट्टीचा उकाडा कुठून कळणार, हा विचार तुझ्या डोक्यात साठ वर्षांत आला नाही, एवढाच काय तो दोष.”

“म्हणजे?”

“म्हणजे तातोंना वाचता येत नव्हतं, सिरिल.”

शेजारच्या खोलीतून बायकांचा कलकलाट येत होता. कुणीतरी मोठं पातेलं ओट्यावर आदळलं.

“काहीतरीच काय! रोज पेपर हातात असायचा त्यांच्या.”

“हातात असायचा. ते नऊ वर्षांचे असताना त्यांना कोळशाच्या खाणीत घातलं. शाळा कुठे बघितली त्यांनी? सही तेवढी आईने शिकवली होती. चित्रं बघून जे सुचेल ते तुला सांगायचे.”

“आणि तुला हे ठाऊक होतं?”

“एका रविवारी मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. म्हटलं, ‘तातो, इथे तर असं नाही लिहिलेलं.’ आईने टेबलाखालून अशी लाथ घातली मला, की नडगी आठवडाभर काळीनिळी होती. आणि तातोंनी बघितलं माझ्याकडे. रागावले नाहीत. नुसतं बघितलं. मी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.”

सिरिल त्या छोट्या खोलीत येरझाऱ्या घालू लागला. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, दर वळणाला कुणाचा तरी कोट खांद्याला लागत होता.

“म्हणून त्यांनी मुकादमाची जागा नाकारली,” तो म्हणाला. “सगळे म्हणायचे, यान बार्टको झाला असता मुकादम, पण त्याच्यात धमक नाही. मीसुद्धा म्हणायचो. त्यांच्या तोंडावर म्हटलंय मी.”

“मुकादमाला पाळी संपल्यावर अहवाल लिहायचा असतो.”

“आणि मी नौदलात असताना एक ओळ नाही त्यांची!”

“तुझं आलेलं पत्र मी वाचून दाखवायचे. दोनदा वाचायला लावायचे.”

तो थांबला. आता जे विचारायचं होतं ते फार जुनं होतं. तो दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्याचं वाचन ऐकवलं होतं आणि तो धावत घरी येऊन वडिलांना म्हणाला होता, “तातो, मला आता सगळं वाचता येतं!” त्या रविवारी तो नेहमीसारखा सोफ्यावर चढला, तर वडिलांनी त्याला उचलून खाली ठेवलं. पुरवणी त्याच्या हातात दिली. “मोठा झालास. आता तुझं तू वाच,” एवढं म्हणाले आणि अंगणात निघून गेले. सिरिलने ती पुरवणी चुलीत घातली होती. त्यानंतर त्याने ‘हॉबर्टचा धक्का’चं एकही पान हट्टाने उघडलं नाही, आणि पुढे पुढे बापाशी जेवढ्यास तेवढं बोलण्याचीच त्याला सवय लागली. आपलं काय चुकलं, हा काटा नंतर बायको आली, पोरं झाली, तरी आत सलतच राहिला होता.

“मला मांडीवरून खाली उतरवलं,” तो म्हणाला, “ते याच्यामुळे?”

“मग काय करतील? तू फुग्यातलं वाचून म्हणाला असतास, ‘तातो, तुम्ही खोटं सांगता.’ मी म्हटलं तेव्हा त्यांनी सोसलं. तू म्हटलेलं त्यांना सोसलं नसतं.”

“तू मला सांगायचं होतंस!”

“कधी? ते होते तेव्हा? की मयताला?” अ‍ॅग्नेसचाही आवाज चढला. “आईने माझ्याकडून शपथ घेतली होती. ते आयुष्यभर झाकत आले, मी कशी उघडू?”

“मी उघडणार आहे. शनिवारी. सगळ्यांसमोर सांगणार, की माझे वडील...”

“खबरदार!” ती उभी राहिली. पिठाचं बोट तिने त्याच्या कोटावर टेकवलं आणि तिथे पांढरा ठसा उमटला. “माइकवर सांगणार तू? कॉफी आणि केक खात लोक ऐकणार? त्यांची लाज ती त्यांची, सिरिल. तुझी नाही ती वाटायला.”

तो जिना चढून गेला. शुक्रवारी त्याने डीनाला फोन करून कार्यक्रम रद्द करायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून म्हणाला, राहू दे, येतो. दुपारी तो नदीवर गेला. गिरणीच्या जागी आता नुसतं कुंपण घातलेलं रान होतं. तिथून तो दफनभूमीकडे गेला, फाटकापर्यंत पोहोचला आणि आत न जाताच परतला. काय बोलायचं होतं बापाशी? बापावर रागवावं की बापाचे पाय धरावेत, हेच कळेना. धमक नाही म्हणालो. आणि त्या माणसाने दर रविवारी, हातात वाचता न येणारा कागद धरून, आपल्यासाठी एक अख्खं जग जागच्या जागी उभं केलं. आणि मग ते एका वाक्यासरशी बंद केलं. एकदा खरं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? मी हसलो असतो का? दुसरीतला पोरगा, हसलो असतोही.

शनिवारी सभागृहात त्याच्या अंदाजापेक्षा जास्त लोक आले. बरीचशी पांढरी डोकी, काठ्या, चाकाच्या खुर्च्या. अ‍ॅग्नेस पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि तिची नजर भावावरून हलत नव्हती. डीनाने दिवे मंद केले. पडद्यावर नाव आली, धुकं आलं, डचेस आली.

त्याने लिहून आणलेला कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला. मग पडद्याजवळ जाऊन त्याने पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि वडिलांच्या त्या खर्जातल्या आवाजात तो म्हणाला, “मालक, रात्रपाळी करून आलेय मी. पाठ मोडलीय. आणि हा टॉडी बघा कसा कडक कॉलर घालून उभा आहे. याला म्हणावं, एक दिवस तू दोर ओढ.”

लोक जरा चुळबुळले. मग मागे कुणीतरी हसलं. सिरिल पुढच्या चौकटीकडे गेला. त्याला सगळं आठवत होतं. डचेस नदीशी भांडली, नदीचा मूड नाही म्हणाली, टॉडीची पेटी पाण्यात ढकलली आणि वर “अरेरे, पाय घसरला” असंही म्हणाली. आता हशा नीट येऊ लागला. एक बाई डोळे पुसत होती. दुसऱ्या ओळीतला एक गृहस्थ मात्र मान पुढे काढून चष्म्यातून पडदा निरखत होता. शेवटी त्याने हात वर केला.

“माफ करा, पण तिथे तसं लिहिलेलं नाही. खेचर तर बोलतच नाही.”

सिरिलचं बोट चौकटीवरच राहिलं. सांगून टाकावं असं ओठांवर आलं, आणि सांगू नये असंही तितक्याच जोराने आतून आलं.

तेवढ्यात अ‍ॅग्नेस उठली. ती गृहस्थाकडे वळून म्हणाली, “आमच्या घरी असंच वाचायचे. तुमच्या घरी कसं वाचायचे ते तुम्ही नंतर पुढे येऊन सांगा. आता त्याला बोलू द्या.” आणि स्कर्ट सारखा करून खाली बसली.

बाकीचा वेळ कसा गेला ते सिरिलला कळलं नाही. दिवे लागले, टाळ्या झाल्या, लोक कॉफीच्या टेबलाकडे सरकले. तो पाणी पीत उभा असताना एक वाकलेला म्हातारा चालताना आधाराला धरायची चाकाची चौकट पुढे ढकलत त्याच्यापाशी आला. ऐंशीच्या पुढचा, दोन्ही कानांत यंत्रं.

“मी मायकेल झेलेनाक,” तो म्हणाला. “तुझ्या बापाच्या हाताखाली होतो, दुसऱ्या नंबरच्या भट्टीवर. आवाज अगदी हुबेहूब काढलास.”

सिरिलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “कसला आवाज?”

“डचेसचा रे! दर सोमवारी डबा खायच्या सुट्टीत यान आम्हाला रविवारचा भाग सांगायचा. पेपर मीच न्यायचो, तेलकट डाग पडायचे त्याच्यावर. ‘सांग यान, खेचर काय म्हणतं?’ की झाला सुरू. टॉडी म्हणजे आमचा सुपरिंटेंडंट, ते तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एकदा तो साहेब मागे येऊन उभा राहिला आणि यान तसाच सांगत राहिला. साहेबही हसला, गाढव.”

“पण मिस्टर झेलेनाक,” सिरिलने आवाज खाली आणला, “तुम्हाला तर वाचता येत होतं.”

“येत होतं म्हणजे? सगळ्यांनी आदल्या दिवशीच घरी वाचलेलं असायचं.”

“आणि कुणी काही बोललं नाही? त्यांना?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. “काय बोलायचं? आम्हाला छापलेलं नको होतं. पाव आणि सॉसेज गिळायला यानचंच लागायचं.”

“हे कधीपर्यंत चाललं?”

“मालिका बंद होईपर्यंत. तू तेव्हा चांगला उंच झाला होतास. तुला आम्ही फाटकाशी बघायचो, डबा घेऊन यायचास आणि ठेवून पळायचास.”

सिरिलने हातातला पेला टेबलावर ठेवला. त्याला वाटलं होतं की वडिलांनी डचेसला त्या रविवारीच गप्प केलं असेल. ती गप्प झाली नव्हती. पुढची चार-पाच वर्षं दर सोमवारी भट्टीच्या आडोशाला ती बोलत होती, माणसं पोट धरून हसत होती, आणि डबा पोहोचवायला येणारा मुलगा फाटकातूनच मागे फिरत होता. आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे त्याला ठरवता येईना. दोन्ही एकदम होत होतं.

“त्यांच्यासमोर लाज नव्हती वाटत,” तो अ‍ॅग्नेसला म्हणाला. ती कोट घालून शेजारी येऊन उभी राहिली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. “माझ्यासमोर वाटली.”

“त्यांच्यासमोर कशाला वाटेल? ती माणसं कुठे तातोंची पोरं होती?” ती म्हणाली. मग तिने त्याच्या कोटाच्या बाहीला हात लावला, एरवी ती असं कधी करत नसे. “मी बसने जाते. तू यांना घरी सोड.”

झेलेनाक गावाच्या वरच्या अंगाला मुलीकडे राहत होता. सिरिलने त्याला पुढच्या सीटवर बसवलं, चौकट दुमडून मागे टाकली आणि सरळ रस्ता सोडून नदीकाठचा लांबचा रस्ता धरला.

“मी सात वर्षांचा झाल्यानंतरचे भाग मला ठाऊक नाहीत,” तो म्हणाला. “पुढच्या खंडांत येतील, पण त्यात तातो नसतील. एखादा आठवतो तुम्हाला? कुठलाही.”

“आता काय आठवायचं, पोरा.” म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. सिरिलची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. “थांब. एक पूर आला होता. नाव वाहून जाते आणि डचेस एकटीच नदीच्या पल्याड राहते. यान म्हणाला, ती तिथे लग्न करते.”

“कुणाशी?”

“एका गाढवाशी. नाही, नाही, पोलिसाच्या घोड्याशी. मोठं झेंगट होतं. घोडा शिकलेला असतो आणि ती त्याला म्हणते...” झेलेनाकने कपाळ चोळलं. “काहीतरी फार भारी म्हणते. आम्ही इतके हसलो होतो की स्टीव्ह पावेलकोच्या नाकातून कॉफी आली.”

“काय म्हणते?”

“जिभेवर आहे बघ.”

गाडी त्याच्या मुलीच्या घरासमोर येऊन थांबली होती. सिरिलने इंजिन बंद केलं नाही. पडद्याआडून एक बाई वाकून बघत होती. म्हाताऱ्याने डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा उघडले.

“नाही येत. मंगळवारी ये. सकाळी डोकं जरा बरं चालतं माझं. आणि येताना त्या पिरोही घेऊन ये, बटाट्याच्या. मुलगी मला कोबीच्याच खायला घालते.”

“उद्या येऊ का?” सिरिल म्हणाला.

“उद्या रविवार आहे रे.”

“प्रार्थनेनंतर येतो.”

म्हातारा हसला आणि दार ढकलू लागला. सिरिल घाईघाईने उतरून वळसा घालून गेला, चौकट काढली, उलगडली आणि त्याच्यासमोर ठेवली. म्हातारा पायऱ्या चढेपर्यंत तो खाली उभा होता. दार लागलं, दिवा लागला, तरी तो पदपथावर इकडून तिकडे फिरत राहिला. शेवटी मुलीने खिडकी उघडून विचारलं, “काही राहिलं का तुमचं?”

“नाही, नाही,” तो म्हणाला. “त्यांना जर काही आठवलं, तर फोन करायला सांगा. केव्हाही.”